डाव्या स्पीकरमधून सतत घूंऽऽ येतंय, शोध कुठून सुरू करू?

मंद्र | शनिवार, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या मागे दीडशेच्या आसपास तबकड्या राहिल्यात. बहुतेक एलपी आहेत आणि एका लाकडी पेटीत ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या). ख्याल, नाट्यसंगीत, थोडी भावगीतं. गेल्या महिन्यात त्यांचा अ‍ॅम्प आणि टर्नटेबल माळ्यावरून काढून दिवाणखान्यात मांडले. सगळं चालू झालं, पण आवाजाच्या मागे एक घूंऽऽ सतत आहे. द्रुत चालू असताना लक्षात येत नाही. विलंबित आलाप सुरू झाला आणि गायक खर्जात उतरला, की तो सूर या घरघरीत बुडतो. ऐकवत नाही.

मांडणी अशी: बेल्टवर चालणारं टर्नटेबल थेट अ‍ॅम्पच्या फोनो इनपुटला (तबकडीसाठीचा खास इनपुट). सीडी प्लेअर दुसऱ्या इनपुटला. टीव्हीचा आवाज तिसऱ्या इनपुटला, टीव्हीला केबलचा सेट-टॉप बॉक्स. दोन छोटे स्पीकर शेल्फवर. टर्नटेबलची जागा अ‍ॅम्पच्या बरोबर डोक्यावर, कारण घरात दुसरी जागा नाही. डोंबिवली, चौथा मजला, इमारत १९८६ ची.

सीडीवर घरघर थोडी आहे, तबकडीवर खूप, आणि डावीकडे जास्त. एका दुकानात विचारलं तर काही न बघताच सांगितलं, वायरी हलक्या आहेत, आठ हजारांच्या घ्या, नाहीतर अ‍ॅम्प बदला. अ‍ॅम्प बदलायची माझी इच्छा नाही. तो बाबांनी १९९१ साली बोनसमधून घेतला होता. कुणी नीट रस्ता दाखवेल का?

रेझिस्टर | शनिवार, रात्री ११.५५

मंद्र, काहीही विकत घेऊ नका. मी तीस वर्षं ऑडिओ दुरुस्ती केली आहे. घरघरीच्या बहुतेक तक्रारी नवीन वस्तू आणून सुटत नाहीत. एकेक वस्तू काढून बघितली की सापडतात.

आधी कान अ‍ॅम्पच्या झाकणाजवळ न्या, मग स्पीकरजवळ. घूं अ‍ॅम्पच्या अंगातूनच येत असेल तर ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्या थरथरताहेत, त्याचा स्पीकरशी संबंध नाही. स्पीकरमधून येत असेल तर पुढे जा.

व्हॉल्यूम पूर्ण शून्यावर आणा. घरघर तशीच राहिली तर दोष व्हॉल्यूमच्या पुढे, म्हणजे पॉवर विभागात किंवा पॉवर सप्लायमध्ये. तीस वर्षांच्या अ‍ॅम्पमध्ये सप्लायचे मोठे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) आतून सुकतात, हे नेहमीचं आहे. व्हॉल्यूमबरोबर घरघर कमीजास्त झाली तर दोष अलीकडे, म्हणजे इनपुटच्या बाजूला. या एका चाचणीने निम्मा प्रदेश बाद होतो, म्हणून ती आधी.

मग अ‍ॅम्प बंद करून मागच्या सगळ्या वायरी काढा, फक्त स्पीकरच्या ठेवा. चालू करून ऐका. शांत असेल तर बंद करा, एकच वायर जोडा, पुन्हा चालू करून ऐका. दर वेळी बंद करायला विसरू नका. चालू अ‍ॅम्पला आरसीएची (सीडी, टीव्ही जोडायच्या वायरीची) पिन लावताना बाहेरच्या कडीच्या आधी मधली पिन टेकते आणि जो धाडकन आवाज होतो, त्याने स्पीकर जाऊ शकतो.

आणि अ‍ॅम्प उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

स्वरलीना | रविवार, सकाळी ७.३०

मला सर्किट कळत नाही, गाणं शिकवते. पण घरघरीची पट्टी ओळखणं आपल्याला जमण्यासारखं आहे आणि माझ्या घरी त्याचा उपयोग झाला, म्हणून लिहिते.

मोबाइलवर तानपुरा लावा, पांढरी एक, पहिली तार पंचम. षड्ज १३०.८ हर्ट्झच्या आसपास, त्यामुळे हा मंद्र पंचम साधारण ९८ चा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिचं दुसरं पट म्हणजे १००. तुमची घरघर त्या पंचमाशी जवळजवळ जुळत असेल, पण किंचित चढी वाटत असेल आणि दोन्हींमध्ये सेकंदाला दोनदा आंदोलन येत असेल, तर ती १०० ची. त्याच्याही एक सप्तक खाली असेल तर ५० ची. काळी एक लावली तर उलट होतं: तिथला मंद्र पंचम १०४ च्या जवळ, त्यामुळे १०० ची घरघर त्याच्याखाली बरीच उतरलेली लागते. तुमच्या खर्जाला ती इतकी का खुपते, तेही यातून कळेल. नुसत्या मोठ्या आवाजाने एवढा त्रास झाला नसता. ती बेसूर आहे.

रेझिस्टर | रविवार, सकाळी ९.०५

स्वरलीना ताई, फार छान. यात विजेची बाजू जोडतो. अ‍ॅम्पच्या सप्लायमध्ये ब्रिज रेक्टिफायर लाटेचे दोन्ही अर्धे एकाच दिशेला वळवतो, त्यामुळे तिथून उरणारी थरथर १०० हर्ट्झची असते. शुद्ध, मऊ १०० ऐकू आली तर संशय सप्लायच्या कपॅसिटरवर. वायरीने हवेतून पकडलेली किंवा अर्थिंगच्या फेऱ्यातून आलेली घरघर ५० ची असते, सोबत १५०, २५० अशी तिची पटं. ती थोडी खरबरीत लागते. आणि टर्ररर असा दातेरी आवाज असेल तर दिव्याचा डिमर, पंख्याचा रेग्युलेटर किंवा स्वस्त एलईडीचा चालक.

एक सावधगिरी: छोट्या स्पीकरना ५० हर्ट्झ नीट वाजवता येत नाही. कधी मूळ सूर दबतो आणि वरची पटंच ऐकू येतात. म्हणून कानाचा निकाल हा पहिला अंदाज समजा, शेवटचा शब्द वायर काढण्याच्या चाचणीचा.

मंद्र | रविवार, दुपारी १.४०

सकाळभर हेच केलं. निकाल:

व्हॉल्यूम शून्यावर पूर्ण शांत. ट्विटरला (स्पीकरमधल्या वरच्या सुरांच्या छोट्या भागाला) कान लावला तर बारीक सूं आहे, बस्स. सगळ्या वायरी काढून व्हॉल्यूम अर्ध्यावर नेला तरी शांत. फक्त सीडी जोडली, शांत. टीव्हीची वायर जोडल्याबरोबर घरघर आली, आणि सिलेक्टर सीडीवर ठेवला तरी येतेच. टीव्ही बंद केला तरी येते. टीव्हीचा प्लगच सॉकेटमधून काढला, तरीही येते! इथे मी अडकलो. जो टीव्ही विजेला जोडलेलाच नाही, तो घरघर कशी करतो?

रेझिस्टर | रविवार, दुपारी २.१५

सेट-टॉप बॉक्सच्या मागची केबलवाल्याची वायर काढा आणि सांगा.

मंद्र | रविवार, दुपारी २.३०

गेली. एकदम गेली. परत लावली, आली. तीनदा करून बघितलं.

रेझिस्टर | रविवार, दुपारी ३.२०

हा अर्थिंगचा फेरा. नीट समजून घ्या, कारण निम्म्या घरांत हाच प्रकार असतो.

केबलवाल्याच्या वायरीला बाहेरून तांब्याची किंवा अ‍ॅल्युमिनियमची जाळी असते. ती वायर गच्चीवरून गच्चीवर फिरते, मध्ये जिन्यात कुठेतरी त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर, त्याला वीज तिसऱ्याच इमारतीतून. म्हणजे त्या जाळीचा जमिनीशी संबंध तुमच्या घरापासून लांब कुठेतरी आलेला आहे. इकडे तुमचा अ‍ॅम्प तीन पिनी, त्याची बॉडी तुमच्या इमारतीच्या अर्थिंगला. दोन जागची जमीन, दोघींच्या व्होल्टेजमध्ये थोडा फरक, कधी एखादा व्होल्ट. ती जाळी सेट-टॉप बॉक्समधून टीव्हीत, टीव्हीतून आरसीए वायरीच्या बाहेरच्या धातूच्या आवरणात, तिथून अ‍ॅम्पच्या बॉडीत. पूर्ण फेरा झाला, त्यातून ५० हर्ट्झचा प्रवाह वाहतो. आरसीए वायरीत बाहेरचं आवरण हाच सिग्नलचा परतीचा रस्ताही असतो, म्हणून त्या प्रवाहाने पडलेला व्होल्टेज सिग्नलमध्ये मिसळतो. टीव्हीच्या प्लगचा यात काही भाग नाही, म्हणून तो काढून फरक पडला नाही.

उपाय तीन. टीव्हीला ऑप्टिकल आउटपुट असेल तर एक छोटा डिजिटल-टू-अ‍ॅनालॉग डबा मध्ये घ्या. ऑप्टिकल वायरीतून प्रकाश जातो, धातूचा संबंधच तुटतो. नाहीतर टीव्ही आणि अ‍ॅम्पच्या मध्ये एकास-एक ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. किंवा केबलच्याच वायरीत गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (सिग्नल जाऊ देणारा, पण धातूचा संबंध तोडणारा जोड). मी ऑप्टिकलला पहिला मान देईन.

सह्याद्री७ | रविवार, दुपारी ४.००

एवढं कशाला? मी अ‍ॅम्पच्या प्लगची वरची जाड पिन काढून टाकली, दोन मिनिटांत आवाज बंद. दहा वर्षं झाली, काही झालं नाही.

रेझिस्टर | रविवार, दुपारी ४.१०

सह्याद्री, कृपया आजच तो प्लग बदला. मी हे कळकळीने सांगतोय.

ती पिन घरघरीसाठी दिलेली नाही. आतल्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन कधी फाटलं तर २३० व्होल्ट अ‍ॅम्पच्या बॉडीवर येतात. पिन असेल तर तो प्रवाह जमिनीकडे धावतो आणि फ्यूज किंवा ब्रेकर पडतो. पिन नसेल तर बॉडी जिवंत राहते, आणि ती एकटी नसते. आरसीएच्या आवरणातून तोच व्होल्टेज टर्नटेबलच्या धातूच्या आर्मपर्यंत जातो. तुम्ही सुई उचलायला हात लावता तो आर्म. दहा वर्षं काही झालं नाही याचा अर्थ दहा वर्षं इन्सुलेशन टिकलं, एवढाच. फेरा तोडायचा तो सिग्नलच्या वायरीत, अर्थिंगच्या वायरीत कधीही नाही.

आणि सगळ्यांनाच: घराच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा ब्रेकर) बसवलेला नसेल तर बसवून घ्या.

जांभाकडा | रविवार, संध्याकाळी ६.४५

रत्नागिरीहून लिहितोय. आमच्याकडे उलटा प्रकार होता. अ‍ॅम्पच्या बॉडीला हात लावला की घरघर कमी व्हायची, आणि हाताला मुंग्या. हात लावून आवाज कमी होतो म्हणजे आपणच अर्थिंगचं काम करतोय, हे मला वायरमनने सांगितलं तेव्हा अंगावर काटा आला.

मल्टिमीटरने मोजलं. फेज-न्यूट्रल २२८. फेज-अर्थही जवळजवळ तेवढंच यायला हवं, आलं ११० च्या आसपास आणि तेही हलतं. सॉकेटला तिसरं भोक होतं, पण त्यामागची हिरवी वायर बोर्डातच तुटून लोंबत होती. ती जोडून घेतली, तरी न्यूट्रल-अर्थमध्ये बरेच व्होल्ट येत होते. मग अंगणातला खड्डा बघितला. जांभ्या दगडात अर्थिंग मुळात अवघड, पावसाळ्यात ठीक आणि एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी पडली की संपलं. नवीन खड्डा, कोळसा-मीठ, नवीन पाइप, आणि उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी. आता न्यूट्रल-अर्थ दीड व्होल्ट. मुंग्या गेल्या, घरघरही गेली.

काही वायरमन सोपा मार्ग म्हणून सॉकेटमध्येच न्यूट्रलला अर्थ जोडून देतात. मोजताना सगळं छान दिसतं. पण पुढे न्यूट्रल कुठे सुटला तर सगळ्या वस्तूंच्या बॉडीवर फेज येतो. तसं कुणी करून दिलं असेल तर ताबडतोब सोडवून घ्या.

मंद्र | रविवार, रात्री ९.२०

आमच्याकडे मोजलं. फेज-न्यूट्रल २३१, फेज-अर्थ २२९, न्यूट्रल-अर्थ २. म्हणजे अर्थिंग ठीक दिसतंय.

टीव्हीची वायर तूर्त काढूनच ठेवली. सीडी आता स्वच्छ. तबकडीवरची घरघर निम्म्याहून कमी झाली, पण उरली आहे, आणि आता ती फक्त डाव्या बाजूला आहे. टर्नटेबलची बारीक अर्थची वायर अ‍ॅम्पच्या मागच्या स्क्रूला घट्ट बांधलेली आहे, बघितलं.

तबकडीवेडा | सोमवार, सकाळी ८.१५

आता माझ्या आवडीचा भाग आला.

तबकडीवरच का जास्त, ते आधी. सीडी प्लेअर साधारण २ व्होल्ट देतो. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (सुई बसवलेला, तिच्या थरथरीची वीज करणारा भाग) देतं ४-५ मिलिव्होल्ट. म्हणून फोनो इनपुट सिग्नल शंभर पट मोठा करतो. त्यात तबकडी कापतानाच खर्ज मुद्दाम कमी केलेला असतो, नाहीतर खाच इतकी रुंद होईल की एका बाजूला जेमतेम काही मिनिटं मावतील. वाजवताना तो परत वाढवायचा, ही आरआयएए वक्ररेषा, १९५४ पासून रूढ झालेली. ५० हर्ट्झला ही वाढ आणखी सात पट. म्हणजे आपली घरघर नेमकी जिथे बसते तिथे एकूण सातशे पट. सुईपासून अ‍ॅम्पपर्यंतच्या रस्त्यात एक सैल टोक असलं तरी ते ओरडून सांगतं.

आता चाचणी. अ‍ॅम्प बंद करा, टर्नटेबलच्या डाव्या-उजव्या आरसीए पिना फोनो इनपुटला आपसांत बदला. घरघर उजवीकडे गेली तर दोष टर्नटेबलमध्ये. डावीकडेच राहिली तर अ‍ॅम्पमध्ये.

मंद्र | सोमवार, रात्री ८.५०

उजवीकडे गेली.

तबकडीवेडा | सोमवार, रात्री ९.३०

म्हणजे अ‍ॅम्प निर्दोष. बाबांचा अ‍ॅम्प बदलायची गरज नाही, हे आता खात्रीने सांगतो.

हेडशेल (आर्मच्या टोकाचा, कार्ट्रिज धरणारा भाग) उतरवा. कार्ट्रिजच्या मागे चार केसासारख्या वायरी दिसतील. पांढरी डाव्याची गरम (सिग्नल नेणारी), निळी डाव्याची परतीची, लाल उजव्याची गरम, हिरवी उजव्याची परतीची. गरम वायर तुटली तर त्या बाजूचं गाणंच नाहीसं होतं. परतीची सैल झाली तर बहुधा गाणं येतं, पण पातळ, आणि सोबत घरघर. तुमचं लक्षण निळीकडे बोट दाखवतंय.

मल्टिमीटर लावण्याआधी वायर कार्ट्रिजच्या पिनेवरून काढा. कार्ट्रिजच्या वेटोळ्यांतून मीटरचा प्रवाह जाऊ देऊ नये, ती फार नाजूक असतात. मग निळ्या वायरीच्या टोकापासून डाव्या आरसीएच्या बाहेरच्या कडीपर्यंत सलगता बघा, आणि बघताना वायर हळूच हलवा. हलवणं महत्त्वाचं. स्थिर असताना जोड लागलेला दिसतो आणि आर्म चालायला लागला की सुटतो.

मंद्र | मंगळवार, रात्री १०.०५

सापडलं. निळीच होती. मीटर बीप करायचा, वायर हलवली की थांबायचा. टोकाची पितळी नळी काळी पडली होती आणि पिनेवर सैल होती, बोटाने फिरत होती. आता काय करू? डाग देऊ का?

तबकडीवेडा | मंगळवार, रात्री १०.१५

डाग अजिबात नको! पिनेवर सोल्डरिंगची उष्णता गेली तर कार्ट्रिज कायमचं जाईल. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या बारीक काडीवर घेऊन पिना आणि नळ्या पुसा. मग नळीत दात कोरायची काडी घालून बारीक पकडीने बाहेरून अगदी हलकं दाबा. काडी आत असली की नळी चपटी होत नाही. पिनेवर सरकवताना थोडा विरोध जाणवला पाहिजे. चारही तशाच करा, सगळ्यांचं वय एकच आहे.

मंद्र | मंगळवार, रात्री ११.४०

केलं. डावी-उजवी सारखी झाली. घरघर गेली. म्हणजे खरंतर ९० टक्के गेली. सुई तबकडीच्या बाहेरच्या कडेला असताना काहीच नाही. आर्म आत आत जातो तशी अगदी बारीक घूं परत येते. दोन्ही बाजूंना.

रेझिस्टर | बुधवार, सकाळी ७.५०

तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं होतं, टर्नटेबल अ‍ॅम्पच्या डोक्यावर. अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मर खाली आहे, त्याचं चुंबकीय क्षेत्र वर कार्ट्रिजच्या वेटोळ्यांत शिरतंय. आर्म आत गेला की कार्ट्रिज त्याच्या जवळ जातं. खात्री करायची तर तबकडी थांबवा, सुईला टोपी लावा, व्हॉल्यूम नेहमीएवढाच ठेवून आर्म हाताने हळूहळू फिरवा.

यावर महागडी वायर, फिल्टर, काहीही चालत नाही. फक्त अंतर चालतं, पण ते भरपूर चालतं. अंतर दुप्पट केलं की असं क्षेत्र साधारण आठव्या भागावर येतं. वीतभर बाजूला सरकवूनही फरक कळेल. स्टॅबिलायझर असेल तर तोही लांब ठेवा.

बे-एरियाकर | बुधवार, सकाळी ९.००

वाचनखूण साठवली. इकडे अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे स्वरलीना ताईंची युक्ती ६० आणि १२० वर करावी लागेल. १२० म्हणजे पांढरी एकच्या षड्जाखालच्या कोमल आणि शुद्ध निषादाच्या मधे येतं. माझी घरघर लॅपटॉपच्या तीन पिनी चार्जरमुळे होती. बॅटरीवर चालवला की गायब.

स्वरलीना | बुधवार, सकाळी ११.२०

एक विचारायचं राहिलं. माझ्याकडे संध्याकाळी पंखा दोनवर ठेवला की टर्ररर येतं, पाचवर येत नाही. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर तर ऐकवतच नाही.

रेझिस्टर | बुधवार, दुपारी १२.००

ताई, तुमचा रेग्युलेटर सलग फिरणारा असणार. तो प्रत्येक लाट मधूनच कापतो, त्या कापलेल्या कडेतून हा दातेरी आवाज निघतो. पाचवर लाट पूर्ण जाते, म्हणून शांत. पायऱ्यांचा, कपॅसिटरवर चालणारा रेग्युलेटर बसवा, तो लाट कापत नाही. आणि इन्व्हर्टर चौकोनी लाटेचा असेल तर त्यावर ऑडिओ चालवू नका. पुढच्या वेळी साइन वेव्हचा घ्या.

मंद्र | शुक्रवार, रात्री १०.३०

भिंतीत एक आडवी फळी ठोकून घेतली, टर्नटेबल आता अ‍ॅम्पपासून अडीच फुटांवर. आर्म कडेपासून मध्यापर्यंत फिरवला, कुठेही काही नाही. टीव्हीसाठी ऑप्टिकलचा डबा मागवलाय. एकूण खर्च: फळी, सुतार आणि अल्कोहोलची बाटली.

आज एक विलंबित पूर्ण ऐकलं. गाणं सुरू होण्याआधी चार-पाच सेकंद नुसता तानपुरा आहे, हे मला माहीतच नव्हतं. जोडाच्या दोन तारा वेगवेगळ्या ऐकू येतात.

आता लाकडी पेटीतल्या ७८ च्या काढतोय. त्यांच्यावर खर्रर आवाज फार आहे. तोही असाच कुठे सैल जोड असेल का? की अल्कोहोलने तबकड्या पुसून घेऊ? बाटली भरलेलीच आहे.

तबकडीवेडा | शुक्रवार, रात्री १०.३६

मंद्र, थांबा! ७८ च्या तबकड्यांना अल्कोहोल लावू नका. त्या लाखेच्या असतात, अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. एका पुसण्यात खाच जाईल.

तो खर्रर जोडाचा नाही. लाखेत दगडाची बारीक भुकटी मिसळलेली असते, जुन्या पोलादी सुया घासून तबकडीच्या खाचेत बसाव्यात म्हणून. आवाज त्या भुकटीचाच आहे, तो पूर्ण जाणार नाही. कमी मात्र होतो. साध्या पाण्यात एक थेंब भांड्यांचा सौम्य साबण, मऊ ब्रश खाचेच्या दिशेने, मधला कागद कोरडा ठेवून. लगेच पुसायचं, भिजत ठेवायचं नाही. आणि एलपीची सुई वापरू नका. तिचं टोक १८ मायक्रॉनच्या आसपास, ७८ ची खाच त्याहून पुष्कळ रुंद. ती सुई तळाशी लोळते आणि तळातला सगळा कचरा वाजवते. ७८ साठी ७५ मायक्रॉनची सुई घ्या, बऱ्याच कार्ट्रिजना ती वेगळी मिळते. तुमच्या कार्ट्रिजचा नंबर इथे टाका, बसते का बघतो.

मंद्र | शुक्रवार, रात्री १०.४१

बाटली कपाटात ठेवली. वेळेवर सांगितलंत. नंबर उद्या उजेडात बघून टाकतो.